आधी जिंका, मग बोला?



आपल्यापैकी जे एनबीए बघतात त्यांचा दिवस लवकर उगवतो. अमेरिकेतल्या संध्याकाळचे सामने आपल्याकडे पहाटे सुरू होतात. पश्चिम किनाऱ्यावरचे तर आपण डबा घेऊन कामाला निघायच्या वेळेला रंगात येतात. एवढी झोपमोड करून आपला संघ हरला की माणूस चिडतोच. अशात एखादा खेळाडू सामाजिक प्रश्नावर बोलला किंवा छातीवर दोन शब्द लिहिलेला टी-शर्ट घालून मैदानात आला, की चाहत्यांच्या तोंडून एक वाक्य हमखास बाहेर पडतं : "आधी सामने जिंका, मग भाषणं द्या."

आज मला या एका वाक्याबद्दल बोलायचं आहे. त्यात थोडं खरं आहे आणि ते मी पुढे मान्य करणार आहे. पण आधी त्यातली गफलत बघू. त्यासाठी एकच शहर आणि एकच हंगाम घेऊ : सॅक्रामेंटो, २०१८.

सॅक्रामेंटो ही कॅलिफोर्निया राज्याची राजधानी आणि किंग्ज हा तिथला लाडका संघ. हा संघ गाव सोडून सिअ‍ॅटलला जायच्या बेतात होता. तो वाचला आणि २०१३ मध्ये ज्या गटाने तो विकत घेतला त्याचे प्रमुख होते विवेक रणदिवे, मुंबईत जन्मलेले उद्योजक. संघ गावात राहिला, पण जिंकेना. २००६ नंतर त्याने प्लेऑफचं तोंड पाहिलं नव्हतं. २०१७-१८ च्या हंगामात ८२ सामन्यांपैकी २७ जिंकले, ५५ हरले.

त्याच हंगामात, १८ मार्च २०१८ च्या रात्री, स्टेफॉन क्लार्क नावाचा २२ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण पोलिसांच्या गोळ्यांनी मारला गेला. तो आपल्या आजीच्या घराच्या मागच्या अंगणात होता. त्याच्या हातात बंदूक आहे असं पोलिसांना वाटलं. निघाला मोबाइल. पुढच्या वर्षी त्या पोलिसांवर खटला न भरण्याचा निर्णय झाला, पण ते नंतरचं. त्या आठवड्यात शहर पेटलेलं होतं.

२२ मार्चला किंग्जचा अटलांटा हॉक्सशी सामना होता. निदर्शक आधी महामार्गावर उतरले आणि मग स्टेडियमला वेढा घालून उभे राहिले. दरवाजे बंद करावे लागले. सतरा हजारांवर माणसं बसतील अशा त्या वास्तूत जेमतेम अडीच हजार प्रेक्षक आत पोहोचले होते. बाकीचे तिकीट हातात घेऊन बाहेरच राहिले. सामना उशिराने सुरू झाला आणि रिकाम्या खुर्च्यांसमोर पार पडला. संपल्यावर रणदिवे खेळाडूंना बरोबर घेऊन मैदानाच्या मध्यभागी आले आणि त्यांनी माइक हातात घेतला. क्लार्क कुटुंबाच्या दुःखात आम्ही आहोत, शांततेने निदर्शनं करण्याचा लोकांचा हक्क आम्ही मानतो आणि आपल्यापाशी जे मोठं व्यासपीठ आहे त्याची जबाबदारी आम्हाला कळते, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

तीन दिवसांनी बॉस्टनचा संघ आला. दोन्ही संघांनी सरावाच्या वेळी काळे टी-शर्ट घातले. पुढच्या बाजूला जबाबदारी आणि एकजूट यांबद्दलचे शब्द होते, पाठीवर स्टेफॉन क्लार्कचं नाव. आणखी दोन दिवसांनी, २७ मार्चला, डॅलस मॅव्हरिक्सच्या सामन्याला पुन्हा दरवाजे अडवले गेले.

आता गंमत बघा. किंग्ज २७ सामने जिंकलेला संघ. त्या हंगामात हॉक्सने २४ जिंकले आणि डॅलसनेही २४. दोन्ही रात्री मैदानावर दोन हरणारे संघ होते आणि साऱ्या देशाचं लक्ष त्यांच्याकडे होतं. टोमणा मारायला याहून सोपी वेळ कुठली? "हरताय, आणि वर सभा घेताय."

पण हे संघ हरत का होते, हा प्रश्न जरा नीट विचारू या.

ज्यांना एनबीएची रचना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. युरोपातल्या फुटबॉलमध्ये तळाचा संघ खालच्या श्रेणीत ढकलला जातो. एनबीएत उलटं आहे : तळाच्या संघाला बक्षीस मिळतं. जे १४ संघ प्लेऑफमध्ये पोहोचत नाहीत त्यांच्यात लॉटरी होते आणि नव्या दमाच्या खेळाडूंमधून आधी निवड करण्याचा मान त्यातून ठरतो. २०१८ मध्ये सर्वात वाईट कामगिरी करणाऱ्या संघाला पहिला क्रमांक मिळण्याची शक्यता २५ टक्के होती. म्हणजे हंगाम हातचा गेला की जिंकण्यापेक्षा हरण्यात जास्त फायदा. याला तिकडे टँकिंग म्हणतात. हे इतकं बोकाळलं की लीगने २०१९ पासून तळाच्या तिन्ही संघांना सारखीच १४ टक्के शक्यता ठेवली.

फेब्रुवारी २०१८ मध्ये डॅलसचे तेव्हाचे मालक मार्क क्यूबन यांनी जाहीर मुलाखतीत सांगून टाकलं, की आता हरणं हाच आपल्यासाठी सर्वात चांगला मार्ग आहे असं मी माझ्या खेळाडूंना सांगितलं. लीगने त्यांना सहा लाख डॉलरचा दंड केला. हाच तो डॅलसचा संघ, जो महिन्याभराने सॅक्रामेंटोत खेळायला आला.

त्याआधी फिलाडेल्फियाच्या व्यवस्थापनाने तर हरण्याचा काही वर्षांचा आराखडाच केला होता. १९ विजय, मग १८, मग १०. आणि चाहत्यांनी त्या योजनेला प्रेमाने 'प्रोसेस' म्हटलं. प्रक्रियेवर विश्वास ठेवा, असा जयघोष केला. म्हणजे मालक आणि व्यवस्थापक ठरवून हरले तर तो दूरदृष्टीचा डाव. खेळाडूने सामन्याआधी दहा मिनिटं एक टी-शर्ट घातला तर मात्र त्याचं लक्ष खेळावर नाही. पराभवाचं बिल नेहमी त्या टी-शर्टच्या नावावर फाडलं जातं. माझी पहिली तक्रार इथे आहे.

किंग्जचंच पुढचं बघा. त्या वर्षीच्या लॉटरीत त्यांचं नशीब फळफळलं आणि दुसरा क्रमांक मिळाला. जूनमध्ये निवडीची वेळ आली तेव्हा स्लोव्हेनियाचा लुका डॉन्चिच समोर होता. किंग्जने मार्व्हिन बॅगलीला घेतलं. तिसऱ्या क्रमांकावर हॉक्सने डॉन्चिचला निवडलं आणि ट्रे यंगच्या बदल्यात डॅलसला देऊन टाकलं. डॉन्चिचने २०२४ मध्ये डॅलसला अंतिम फेरीत नेलं. बॅगली २०२२ मध्येच किंग्जमधून बाहेर पडला. सॅक्रामेंटोच्या चाहत्याला विचारा, तुझ्या संघाचं सर्वात मोठं नुकसान कशाने झालं? तो डॉन्चिचचं नाव घेईल. मार्चमधल्या त्या टी-शर्टने त्याचा एकही सामना हिरावून घेतला नव्हता. २०२३ मध्ये ४८ विजयांसह किंग्ज अखेर प्लेऑफला पोहोचले, तोवर सलग १६ हंगामांचा दुष्काळ झाला होता. त्या दुष्काळाचे धनी चुकीची निवड करणारे आणि प्रशिक्षकांमागून प्रशिक्षक बदलणारे लोक होते.

आता दुसरी गफलत. "आधी जिंका, मग बोला" यात एक वचन आहे, की जिंकलात तर ऐकून घेऊ. हे वचन पाळलं जातं का?

त्याच फेब्रुवारी २०१८ मध्ये लेब्रॉन जेम्स आणि केव्हिन ड्युरंट यांनी एका मुलाखतीत राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांच्यावर टीका केली. फॉक्स न्यूजच्या निवेदिका लॉरा इन्ग्रॅम यांनी त्यांना सुनावलं, की गप्प बसा आणि चेंडू आपटत राहा. लेब्रॉनच्या नावावर तेव्हा तीन विजेतेपदं होती. ड्युरंट आदल्याच वर्षी विजेता झाला होता. आणखी किती जिंकायचं?

त्याआधीचे क्रेग हॉजेस घ्या. शिकागो बुल्सचे, मायकेल जॉर्डनचे सहकारी. तीन गुणांच्या फेकीची स्पर्धा १९९० पासून सलग तीन वर्षं जिंकलेले. १९९१ च्या विजेतेपदानंतर संघ व्हाइट हाउसला गेला तेव्हा ते आफ्रिकी पद्धतीचा दशिकी घालून गेले आणि गरिबांच्या व कृष्णवर्णीयांच्या प्रश्नांवर राष्ट्राध्यक्ष बुश यांच्यासाठी पत्र देऊन आले. पुढच्या वर्षी बुल्स पुन्हा विजेते झाले आणि हॉजेसना सोडून देण्यात आलं. त्यानंतर एनबीएतल्या एकाही संघाने त्यांना घेतलं नाही. बोलल्याची ही शिक्षा होती असं म्हणत त्यांनी लीगवर दावा लावला, पण तो टिकला नाही.

म्हणजे हरणाऱ्याला म्हणायचं, आधी जिंक. जिंकणाऱ्याला म्हणायचं, तुझं काम जिंकणं, बोलणं नाही. दोन्हीचा अर्थ एकच : बोलू नकोस. मग तसं सरळ सांगावं. गुणफलकाचा आडोसा कशाला?

आता चाहत्याची बाजू, कारण ती खोटी नाही. महिन्याच्या पगारातून तिकीट काढणारा माणूस दोन-अडीच तास जगाचे ताप विसरायला येतो. २२ मार्चला जे बाहेर राहिले त्यांचा काय गुन्हा होता? संघाने त्यांचे पैसे परत करण्याचं जाहीर केलं, पण मुलांना घेऊन आलेल्यांची संध्याकाळ परत करता येत नाही. त्यांचा राग मला समजतो. फक्त दरवाजे खेळाडूंनी अडवले नव्हते, एवढं लक्षात ठेवू.

चाहत्याचा दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे : हे लोक सोयीचं तेवढंच बोलतात. आणि इथे मुंबई आपल्या कथेत येते. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे भारतातले पहिले सामने वरळीच्या एनएससीआय डोममध्ये झाले. आलेल्या दोन संघांपैकी एक होता रणदिवेंचा किंग्ज, दुसरा इंडियाना पेसर्स. ४ तारखेचा पहिला सामना जादा वेळेत गेला आणि किंग्ज १३१-१३२ असे एका गुणाने हरले. वरळीत हा जल्लोष चालू होता त्याच सुमारास ह्यूस्टन रॉकेट्सचे व्यवस्थापक डॅरिल मोरी यांनी हाँगकाँगच्या आंदोलकांना पाठिंबा देणारं एक ट्वीट केलं. चीनमध्ये वादळ उठलं आणि तिथल्या सरकारी वाहिनीने एनबीएचं प्रक्षेपण थांबवलं. अन्यायावर नेहमी बोलणारा लेब्रॉन त्या वेळी म्हणाला, की मोरींना परिस्थितीची पुरेशी माहिती नव्हती. अनेक चाहते संतापले आणि माझ्या मते त्यांचा संताप रास्त होता. जिथे धंदा मोठा असतो तिथे आवाज खाली येतो.

मात्र हा आक्षेप काय सांगतो ते पाहा. तो खेळाडूने आणखी बोलावं असं सांगतो, किंमत मोजावी लागेल तिथेही बोलावं असं सांगतो. "गप्प बस" याच्या नेमकं विरुद्ध.

किंमत मोजून बोलणं कसं असतं याचं एक उदाहरण देतो, आणि तेही हरणाऱ्याच संघाचं. अटलांटा ड्रीम हा महिलांच्या लीगमधला, डब्ल्यूएनबीएमधला संघ. २०१९ मध्ये ३४ पैकी ८ विजय, २०२० मध्ये २२ पैकी ७. त्यांच्या सहमालक केली लॉफलर या जॉर्जिया राज्याच्या सिनेटर होत्या. 'ब्लॅक लाइव्हज मॅटर' चळवळीला लीगने दिलेल्या पाठिंब्याला त्यांनी जाहीर विरोध केला. ऑगस्ट २०२० मध्ये ड्रीमच्या खेळाडू, आणि त्यांच्याबरोबर इतर संघांच्याही, एक टी-शर्ट घालून आल्या. त्यावर लॉफलर यांच्याविरुद्ध उभे असलेले उमेदवार राफाएल वॉरनॉक यांना मत देण्याचं आवाहन होतं. जिच्या संघाकडून पगार घ्यायचा तिच्याच विरोधात, आणि तेही गुणतक्त्याच्या तळाशी असताना. जानेवारी २०२१ मध्ये वॉरनॉक निवडून आले. ते केवळ टी-शर्टमुळे निवडून आले असं म्हणणं भाबडेपणाचं होईल. पण पुढच्याच महिन्यात संघ विकला गेला आणि नव्या मालकांमध्ये होती रेने माँटगोमेरी, सामाजिक न्यायाच्या कामासाठी २०२० चा हंगाम सोडून दिलेली त्याच संघाची खेळाडू. त्या मुलींनी "आधी जिंकू, मग बोलू" असं ठरवलं असतं, तर ती निवडणूक त्यांच्यासाठी थांबली असती का?

तर मंडळी, माझं म्हणणं एवढंच : वह्या दोन ठेवा. पहिली वही खेळाची. तिच्यात चुकलेले पास, ढिला बचाव, फसलेली निवड, मालकाने ठरवून केलेला पराभव, सगळं लिहा आणि कुणाचीही गय करू नका. खेळाडू वाईट खेळला तर तो वाईट खेळला, त्याचं मन कितीही चांगलं असो. दुसरी वही त्याच्या बोलण्याची. तिच्यात दोनच प्रश्न : तो म्हणतोय ते खरं आहे का? आणि त्यासाठी तो काही करतोय, काही सोसतोय का? मार्च २०१८ च्या त्या आठवड्यांत किंग्जचा गॅरेट टेम्पल टी-शर्ट घालून थांबला नाही. तो शहरातल्या तरुण मुलांमध्ये जाऊन बसला, त्यांचं ऐकून घेतलं. दुसऱ्या वहीत त्याच्या नावावर काही जमा आहे, मग पहिल्या वहीत किंग्जचे ५५ पराभव का असेनात.

एका वहीतली बाकी दुसरीत ओढू नका. सोळा वर्षं हरणाऱ्या संघाला न सोडणारा चाहता हे इतरांपेक्षा लवकर शिकू शकतो असं मला वाटतं. संघ हरतो म्हणून तो आपला राहत नाही, असं त्याने कधीच मानलेलं नसतं. मग संघ हरतोय म्हणून त्यातल्या माणसाने आपल्या गावातल्या मृत्यूबद्दल गप्प बसावं, हे तरी त्याने का मानावं?