आमरीला बक्षीस कशाचं मिळतं?

लालबाग-परळला आपल्यातल्या बऱ्याच जणींचं कुणी ना कुणी राहतं. तिथून भायखळ्याची राणीची बाग जवळच. १८६२ साली खुली झालेली ही बाग, आता वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. थंडी सरता सरता महापालिका तिथे फुलाफळांचं, भाजीपाल्याचं प्रदर्शन भरवते. मुंबईला जाणं झालं तर बघाच. फुकटचं शिक्षण आहे ते.

आज आम्ही बोलणार आहोत ऑर्किडवर. मराठीत आमरी. हौशी लोकांची मंडळं या फुलांच्या स्पर्धा घेतात. अमेरिकेतल्या मोठ्या संस्थेत परीक्षक १०० पैकी गुण देतात. ७५ च्या खाली काही नाही, ९० च्या वर सर्वांत मोठा मान. फुलाची ठेवण, रंग, आकार, दांड्यावर फुलं किती, हे सगळं बघतात. पण तिथेच आणखी एक बक्षीस असतं, आणि ते झाडाला नाही, झाड वाढवणाऱ्याला मिळतं. आम्हाला हे फार पटलं. विकत आणलेलं फूल कुणीही मांडेल. तेच झाड वर्षानुवर्षं राखून भरभरून फुलवणं वेगळं.

ते राखायचं कसं? झाडावर वाढणारी आमरी मातीत लावू नका, मुळं कुजतात. नारळाची सोडणं, कोळसा, विटांचे तुकडे एवढं पुरे. पाणी सकाळी द्या. मुळं सुकली की पांढुरकी दिसतात, भिजली की हिरवी. पाणी कधी द्यायचं ते मुळंच सांगतात.

आणि आपल्याकडे काय कमी आहे? सह्याद्रीत, कोकणात मे-जूनला झाडांवर सीतेची वेणी लोंबते. गुलाबी-पांढरा घोस अगदी केसात माळावा असा. आसामात ते राज्यफूल आहे, बिहूच्या नाचात बायका ते माळतात. आपल्याकडे मात्र बांडगूळ समजून कोयत्यानं उतरवतात! बांडगूळ फांदीत मूळ घालून रस ओढतं. आमरी फांदीला नुसती धरून बसते, झाडाचं काही घेत नाही.

काही जण रोपं ओरबाडून रस्त्याकडेला विकायला बसतात. ती बहुतेक मरतात, आणि परवानगीशिवाय वनातून काढणं हा गुन्हाही आहे. आमरीचं बी धुळीसारखं बारीक. विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रानात रुजतं. म्हणून एकदा गेलेली आमरी लवकर परत येत नाही.

आता पैशाचं. लग्नाच्या मांडवातली जांभळी-पांढरी फुलं, डेंड्रोबियम, दादरच्या फूलबाजारात सदा दिसतात. ती लागवडीची असतात, शेडनेटखाली वाढवलेली. "ऑर्किड लावा, लाखो कमवा" म्हणत कुणी गटाकडे आलं तर आधी विचारा: दमट हवा आहे का, उन्हाळ्यात गोडं पाणी पुरेल का, फुलं बाजारात पोचवणार कोण? उत्तरं मिळेपर्यंत कर्जाच्या कागदावर सही नको.

येत्या पावसात वाऱ्यानं फांदी मोडून आमरी खाली पडलेली दिसली, तर ती चुलीत जाऊ देऊ नका. अंगणातल्या आंब्याच्या नाहीतर फणसाच्या खोडाला, सावलीच्या बाजूला, सुतळीनं हलकेच बांधा. मुळांनी साल धरली की सुतळी सोडा.