फ्रीजरमधला नमुना कोणाचा?

इअरफोन लावलेत ना? आज जरा वेगळा विषय.

ऑपरेशनमध्ये काढलेली गाठ, तपासणीला दिलेलं रक्त... पुढे त्याचं काय होतं? काही वेळा ते संशोधनासाठी फ्रीजरमध्ये जपून ठेवतात. आणि औषध कंपन्यांना अशा साठ्याची गरज असते.

अमेरिकेतली गोष्ट सांगतो. तिथल्या एनआयएच या सरकारी संशोधन संस्थेत डॉ. ट्रे संडरलँड अल्झायमरवर काम करायचे. तिथे लोकांनी पाठीत सुई टोचून घेऊन मणक्यातलं पाणी दिलं होतं, या आजारावर काहीतरी उपाय सापडावा म्हणून. असे ३,००० हून जास्त नमुने फायझर कंपनीकडे गेले. त्याच काळात कंपनीकडून डॉक्टरांना सुमारे २ लाख ८५ हजार डॉलर मिळाले. कागदावर ‘विक्री’ कुठेच नाही, पैसे सल्लागार म्हणून!

२००६ मध्ये डॉक्टरांनी कोर्टात गुन्हा कबूल केला. पण कोणता गुन्हा? सरकारी नोकरीत असताना परवानगी न घेता बाहेरून पैसे घेतले, हितसंबंधांचा संघर्ष. म्हणजे फसवणूक झाली ती सरकारची. ज्यांनी सुई टोचून घेतली, ते या खटल्यात कुठेच नाहीत.

असं का? याचं उत्तर त्याआधीच्या एका खटल्यात सापडतं. जॉन मूर यांची प्लीहा कॅन्सरच्या उपचारात काढली होती. डॉक्टरांनी तिच्या पेशींपासून पेशींची एक लाइन बनवली आणि पेटंट घेतलं. १९९० मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की काढलेल्या पेशींवर मूर मालकी सांगू शकत नाहीत. मात्र डॉक्टरांनी आपला आर्थिक फायदा आधी सांगायला हवा होता, त्यासाठी दावा करता येईल.

हेच लक्षात ठेवा. नमुना शरीराबाहेर गेला की मालकी सांगणं कठीण. तुमच्या हातात असते ती सही, आणि तीही आधीच.

माझा संशोधनाला विरोध नाही हं. नमुने जपायला, पाठवायला खर्च येतो, तो घ्यावा. पण नफा होणार असेल तर देणाऱ्याला तसं सांगा, एवढंच.

आपल्याकडे आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत साठवलेल्या नमुन्यांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यामुळे संमतीपत्र समोर आलं की बिनधास्त विचारा: नमुना किती वर्षं ठेवणार? कंपनीला देणार का? मला नंतर नाही म्हणता येईल का?

घरात कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल, तर हा भाग त्यांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात!