तीस आणि चाळीस मिळून पन्नास

आज एका छोट्या सर्किटपासून सुरुवात करू. एसी सप्लायला एक रेझिस्टर आणि एक कॉइल सिरीजमध्ये जोडलीय. कॉइलचा स्वतःचा रेझिस्टन्स नगण्य धरा. मीटर रेझिस्टरवर ३० व्होल्ट दाखवतो, कॉइलवर ४०. मग सप्लाय किती? वर्गात हमखास उत्तर येतं, ७०. मीटर लावला की दिसतात ५०!

मीटर बिघडलेला नाही. दोन्ही व्होल्टेज एकाच क्षणी शिखरावर पोचत नाहीत. कॉइलचं पाव आवर्तन आधी पोचतं, म्हणजे आपल्या ५० हर्ट्झच्या सप्लायवर ५ मिलिसेकंद आधी.

हे मांडायचे मार्ग अनेक. डिफरन्शियल इक्वेशन लिहा. किंवा दोन लाटा काढून क्षणाक्षणाची बेरीज करा. किंवा काटकोनात दोन बाण काढा, ३० चा आणि ४० चा. कर्ण ५०. हे तर शाळेतलंच गणित!

१८९३ साली चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी शिकागोच्या विद्युत परिषदेसाठी लिहिलेल्या निबंधात या बाणांना संमिश्र संख्यांचं रूप दिलं. डेरिव्हेटिव्ह घेण्याच्या जागी साधा गुणाकार आला, आणि एसी सर्किटलाही ओहमचा नियम लावता येऊ लागला. सर्किट तेच, मांडणी बदलली, आणि कॅल्क्युलसचं काम बीजगणितावर भागलं.

पण शिकवताना आपण थेट 'जे' फळ्यावर लिहितो. मुलं कॅल्क्युलेटरवर अचूक उत्तर काढतात, आणि तोंडी विचारलं की पुन्हा ७० म्हणतात. म्हणून मी क्रम ठेवतो: आधी मीटर, मग लाटा, मग बाण, आणि शेवटी 'जे'.

त्यानंतर एक प्रश्न हवाच: या मांडणीत काय दिसत नाही? बाण फक्त एकाच फ्रिक्वेन्सीचं, स्थिरावलेलं चित्र दाखवतो. ट्रान्सफॉर्मर चालू करताच येणारा करंटचा लोंढा त्यात दिसत नाही. तिथे पुन्हा डिफरन्शियल इक्वेशनकडेच जावं लागतं.

प्रत्येक मांडणी काही सोपं करते, काही झाकते. सोपं काय होतं ते परीक्षेत विचारलं जातं. झाकलेलं काय, ते मात्र शिकवणाऱ्यानेच सांगायला हवं. नाहीतर ते पुढे साइटवर कळतं, फ्यूज उडाल्यावर.

भेटू पुढच्या भागात.