पाण्याचा शेअर घ्यायचा का?



बचत गटाच्या बैठकीत हप्ते जमा झाले, कर्जाची परतफेड लिहून झाली, इतिवृत्तावर सह्या झाल्या, की मग मनातले प्रश्न निघतात. अलीकडे आम्हां समन्वयकांना एक प्रश्न बऱ्याच गावांत विचारला जातो. “ताई, शेअर घ्यावेत का? आणि घ्यायचेच तर पाण्याच्या कंपनीचे घ्यावेत का?”

हा प्रश्न आपल्या जिल्ह्यात निघणं साहजिक आहे. पारनेर, पाथर्डी, कर्जत, जामखेडकडच्या बायकांना टँकरची वाट पाहणं म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. त्यांचं म्हणणं असं, की पाणी कमी होत जाणार, गरज वाढत जाणार, मग पाण्याचं काम करणाऱ्या कंपन्या चालणारच. म्हणजे त्यांचा शेअर वर जाणारच. ऐकायला हे बरोबर वाटतं. आज आपण हाच हिशेब जरा सावकाश करून पाहू.

आधी शेअर म्हणजे काय ते बघू. हा शब्द आपल्याला नवा नाही. विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून लोणीजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हापासून आपल्या घराघरांत ‘कारखान्याचा शेअर’ आहे. पण तो शेअर वेगळा. तो असला की ऊस घालता येतो, सभासद म्हणून मत देता येतं, आणि शेअर एक असो की दहा, मत एकच. त्याचा भाव रोज वरखाली होत नाही. कंपनीचा शेअर बाजारात रोज विकला जातो, त्याचा भाव मिनिटामिनिटाला बदलतो आणि ज्याचे शेअर जास्त त्याची मतं जास्त. कंपनीला नफा झाला आणि तिने वाटायचं ठरवलं तर लाभांश मिळतो, नाही तर नाही. घेतलेल्या भावाने तो परत विकला जाईल, अशी हमी कोणीही देत नाही.

आता पाण्याच्या कंपन्या. कंपनी पाणी पिकवत नाही. कोणी पंप बनवतं, जसं किर्लोस्कर ब्रदर्स. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, त्यांचंच हे नाव. कोणी पीव्हीसी पाइप बनवतं, जसं फिनोलेक्स. कोणी ठिबकच्या नळ्या बनवतं, जसं जळगावची जैन इरिगेशन. व्हीए टेक वाबाग किंवा आयन एक्स्चेंज यांच्यासारख्या कंपन्या पाणी आणि सांडपाणी शुद्ध करण्याची कामं घेतात. या सगळ्या ‘पाण्याच्या’ कंपन्या, पण प्रत्येकीचा नफा वेगळ्याच गोष्टीवर ठरतो. पाइपवाल्याचा नफा पीव्हीसीच्या कच्च्या मालाच्या भावावर हलतो. सौर पंप बनवणाऱ्याचा धंदा सरकारी योजनेत किती पंप मंजूर होतात त्यावर असतो. सांडपाण्याचं काम करणाऱ्याला नगरपालिका, महापालिका वेळेवर पैसे देतात का, हे महत्त्वाचं. म्हणजे पाण्याची टंचाई एकच, पण तिच्यामुळे प्रत्येक कंपनीचा फायदा होईलच असं नाही.

याचं सर्वांत जवळचं उदाहरण जैन इरिगेशनचं आहे. भवरलाल जैन यांनी ही कंपनी उभी केली. महाराष्ट्रातल्या कोरडवाहू भागात ठिबक पोचवण्यात तिचा मोठा वाटा आहे. आपल्याकडच्या डाळिंबाच्या, लिंबाच्या बागांत या नळ्या दिसतात. माल चांगला, गरज खरी, मागणीही होती. तरी २०१८ च्या सुरुवातीला शंभर रुपयांच्या वर असलेला तिचा शेअर मार्च २०२० पर्यंत पाच रुपयांच्या आसपास आला. म्हणजे लाखाचे पाचेक हजार.

असं का झालं? कंपनीच्या डोक्यावर कर्ज मोठं होतं. ठिबकचं अनुदान आणि प्रकल्पांची बिलं यांचे पैसे सरकारांकडून उशिरा येत होते. माल आज द्यायचा, पैसे कधी तरी मिळणार, आणि बँकेचं व्याज मात्र रोज चढणार. २०१९ मध्ये कर्जाचे हप्ते थकले. पुढे २०२२ मध्ये बँकांशी तडजोड होऊन कर्जाची फेररचना झाली, २०२३ मध्ये परदेशातला सिंचनाचा व्यवसाय रिव्हुलिस या कंपनीत विलीन केला, कर्ज कमी झालं आणि भावही बराच सावरला. पण ज्यांनी चढत्या भावात घेऊन पडत्या भावात घाबरून विकला, त्यांचं गेलेलं परत आलं नाही. यात फसवाफसवी सांगण्याचा आमचा हेतू नाही. चांगली नळी बनवणारी कंपनी आणि त्या दिवशी त्या भावाने घेण्याजोगा शेअर, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच लक्षात घ्यायचं आहे.

दुसरं उदाहरण जलजीवन मिशनचं. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘हर घर जल’ची घोषणा झाली, २०२४ पर्यंत प्रत्येक घरी नळ देण्याचं ठरलं. पाइप, टाक्या, पंप यांची मोठी कामं निघाली आणि अशा कंपन्यांच्या शेअरकडे लोक वळले. काम पुरं झालं नाही, म्हणून २०२५ च्या अर्थसंकल्पात मुदत २०२८ पर्यंत वाढवली. मधल्या काळात आपल्या राज्यात कंत्राटदारांची बिलं अडकली. आपल्याकडे दूध घालणारीला हे लगेच कळेल. डेअरीत दूध रोज घातलं, पण दुधाचा पगारच आला नाही, तर पेंड कशाने आणायची? मोबाइलवर बातमी येते, “कंपनीला एवढ्या कोटींची ऑर्डर मिळाली.” ऑर्डर म्हणजे घातलेलं दूध. पगार आला का, ते वेगळं विचारायचं.

मग कंपनी कशी पाहायची? आपण गटाचं दप्तर तपासतो, तशीच. प्रत्येक कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. इंग्रजी येणाऱ्या मुलीला, सुनेला शेजारी बसवायचं आणि पाच गोष्टी शोधायच्या.

पहिली, गेल्या पाच वर्षांत विक्री आणि नफा दोन्ही वाढले का? नुसती विक्री वाढून भागत नाही. दुसरी, कर्ज किती आणि नफ्यातलं किती व्याजात जातं? तिसरी, येणं किती थकलंय? गटात थकबाकी वाढली की आपण सावध होतो, तसंच इथे. चौथी, मालकांनी, म्हणजे प्रवर्तकांनी, स्वतःचे शेअर तारण ठेवलेत का? घरातलं सोनं गहाण पडलं की घरात ओढ आहे हे आपल्याला समजतं.

पाचवी गोष्ट भावाची. गाय घेताना आपण ती दूध किती देते ते विचारूनच किंमत ठरवतो. एका शेअरमागे कंपनीला वर्षाला दहा रुपये नफा होत असेल आणि शेअरचा भाव पाचशे असेल, तर आपण पन्नास वर्षांच्या नफ्याएवढे पैसे आज मोजतोय. कंपनी झपाट्याने वाढली तर ते परवडेलही, नाही वाढली तर गाय महाग पडली. ‘पाण्याला भविष्य आहे’ हे साऱ्या बाजाराला माहीत असतं, म्हणून ते बहुतेक वेळा भावात आधीच धरलेलं असतं.

आमच्या काही गटांत आम्ही एक साधा उपाय केला. वर्षभर पैसे न गुंतवता वहीतच शेअर ‘घ्यायचे’. तारीख, भाव आणि सर्वांत मुख्य म्हणजे ‘का घेतला’ ते एका ओळीत लिहायचं. दर बैठकीला पाहायचं, ते कारण अजून टिकलंय का. ज्या ओळीत “भाऊजी म्हणाले” किंवा “व्हिडिओत सांगितलं” एवढंच होतं, तिथे भाव पडल्यावर ठेवायचा की विकायचा ते ठरवताच येईना. ही वही कोणत्याही गटाला ठेवता येईल. खर्च फक्त वहीचा.

आता सर्वांत काळजीची गोष्ट. २०२४ साली आपल्याच शेवगाव तालुक्यात शेअर बाजाराच्या नावाने पैसे गोळा करणारी कार्यालयं एकामागून एक बंद झाली. महिन्याला मोठा परतावा देतो म्हणून सांगणारे पसार झाले, गुन्हे दाखल झाले. कोणी जमीन विकून, कोणी दागिने मोडून पैसे दिले होते. मैत्रिणींनो, याला शेअर बाजारातली गुंतवणूक म्हणत नाहीत. महिन्याला दहा टक्के म्हणजे काय ते मांडून पाहा. लाख रुपये ठेवून व्याज न काढता तसेच वाढू दिले, तर वर्षात तीन लाखांच्या वर, दोन वर्षांत पावणेदहा लाखांच्या वर, आणि पाच वर्षांत तीन कोटींच्या वर जातात. असा धंदा कोणाला जमत असता, तर त्याने आपले पन्नास हजार मागायला दारात कशाला यावं? पहिल्याचा परतावा दुसऱ्याच्या पैशातून दिला जातो आणि नवे लोक यायचे थांबले की दुकान बंद होतं. अशा ठेवी गोळा करणाऱ्यांविरुद्ध राज्याचा १९९९ चा आणि केंद्राचा २०१९ चा कायदा आहे. पण कायद्याने पैसे परत मिळायला वर्षं जातात.

खरा शेअर आपल्या स्वतःच्या नावाच्या डिमॅट खात्यात येतो. पैसे आपल्या बँक खात्यातून सेबीकडे नोंद असलेल्या ब्रोकरकडे जातात. कोणाच्या वैयक्तिक खात्यावर किंवा हातात रोख द्यायचे नसतात. खातं स्वतःच्या पॅनवर, स्वतःच्या मोबाइल नंबरवर असावं, वारसाचं नाव लावावं आणि ओटीपी घरातल्या कोणालाही सांगू नये. शंका आली तर सेबीच्या १८०० २६६ ७५७५ या मोफत क्रमांकावर विचारावं.

‘ऑप्शन’ नावाच्या झटपट सौद्यांपासून तर लांबच राहा, मुलांनाही ठेवा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलं, की आधीच्या तीन आर्थिक वर्षांत अशा वायदे-ऑप्शनच्या सौद्यांत शंभरातल्या ९३ लोकांचा तोटा झाला, सरासरी माणशी सुमारे दोन लाखांचा.

म्हणून आम्ही गटांपुढे चार नियम ठेवलेत. गटाचा पैसा शेअरमध्ये कधीही जाणार नाही, तो सगळ्यांचा आहे आणि अंतर्गत कर्जासाठी आहे. कर्ज काढून किंवा सोनं ठेवून शेअर घ्यायचा नाही. आधी सहा महिन्यांचा घरखर्च बँकेत हवा. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विमा असतो, पतसंस्थेतल्या ठेवीला तो नाही, शेअरला तर नाहीच. आणि पाच वर्षं लागणार नाही तेवढाच पैसा, एकाच कंपनीत नव्हे, थोडाथोडा घालायचा. ज्यांना अहवाल वाचायला वेळ नाही, त्यांना म्युच्युअल फंडाची दरमहा पाचशे रुपयांची एसआयपी बरी. जोखीम तिथेही आहे, पण पैसा अनेक कंपन्यांत विभागला जातो.

पाण्याच्या बाबतीत आणखी एक सांगायचंय. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या पाण्याच्या भावावर डिसेंबर २०२० पासून वायदे चालतात. आपल्या जिल्ह्यात पोपटराव पवारांच्या हिवरे बाजारात दर वर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाणी किती आलं, माणसांना किती, जनावरांना किती, हे आधी ठरतं आणि मग पिकं ठरतात. शेतीसाठी बोअर घ्यायचे नाहीत, जादा पाणी पिणारी पिकं घ्यायची नाहीत, हे गावाने ठरवलं आणि पाळलं. ज्या घरच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी राहतं, त्या घरची बाई दुधाचा, भाजीचा धंदा करू शकते. तेव्हा हातात दहा हजार असतील आणि शेततळ्याच्या कागदाला किंवा ठिबकला ते कमी पडत असतील, तर आधी तिकडे घाला. त्यानंतर उरले, तर शेअरचा विचार करू, आणि तोही वहीत कारण लिहून.

पुढच्या बैठकीला आपल्या गटात हा विषय काढा. कोणी परताव्याची हमी देत गावात फिरत असेल, तर पैसे देण्याआधी चार जणींत बोला.