लुआंडाच्या पिंजऱ्यातले तेरा

जून १९७६. अंगोलाची राजधानी लुआंडा. आरोपीच्या पिंजऱ्यात तेरा परदेशी माणसं उभी होती. बहुतेक ब्रिटिश, तीन अमेरिकन, एक आयरिश. आरोप होता भाडोत्री सैनिक असल्याचा.

अंगोला नोव्हेंबर १९७५ मध्ये पोर्तुगालच्या ताब्यातून सुटला आणि लगेच यादवीत सापडला. यादवीतल्या एमपीएलए या गटाच्या मदतीला क्यूबाचं सैन्य आलं. विरोधातल्या एफएनएलए या गटाला माणसं कमी पडत होती. ती मिळाली लंडनमध्ये. आठवड्याला दीडशे पौंड! लष्करातून बाहेर पडलेल्या, हाताला काम नसलेल्या तरुणांना एवढं पुरेसं होतं. काहींना तर लढाईचा अनुभवच नव्हता.

त्यांचा म्होरक्या होता सायप्रसचा कोस्टास जॉर्जिऊ. ब्रिटिश छत्रीधारी दलात होता, पोस्ट ऑफिस लुटल्याबद्दल तुरुंगात गेलेला. अंगोलात तो 'कर्नल कॅलन' झाला. घाबरून चुकीने आपल्याच गाडीवर गोळीबार करून पळालेल्या डझनाहून अधिक साथीदारांना त्याच्या हुकमावरून गोळ्या घातल्या गेल्या. ना चौकशी, ना दाद मागायची सोय. जो पैशासाठी आला, त्याचा जीव त्याच्या सेनापतीलाही स्वस्त वाटला.

पिंजऱ्यात अमेरिकन डॅनियल गिअरहार्टही होता. व्हिएतनाममध्ये लढलेला, कर्जात बुडालेला, चार मुलांचा बाप. त्याने एका मासिकात भाडोत्री सैनिक म्हणून स्वतःची जाहिरात दिली होती. अंगोलात आल्यावर काही दिवसांतच तो पकडला गेला. आपण एकही गोळी झाडली नाही, असं तो सांगत राहिला. ती जाहिरात मात्र न्यायालयापुढे होती.

१० जुलैला जॉर्जिऊ आणि गिअरहार्टसह चौघांना गोळ्या घालण्यात आल्या. उरलेल्या नऊ जणांना सोळा ते तीस वर्षांची कैद झाली. पुढच्याच वर्षी जिनिव्हा करारांना जोडलेल्या प्रोटोकॉलने ठरवलं, की भाडोत्री सैनिकाला युद्धकैद्याचा हक्क नाही.

मी या माणसांची वकिली करत नाही. त्यांच्या बंदुकांपुढे अंगोलातली गावं होती, आणि त्या गावांनी कोणाकडून पैसे घेतले नव्हते. पण लंडनमध्ये नोटा मोजून त्यांना विमानात बसवणारे त्या पिंजऱ्यात नव्हते. युद्धाच्या बाजारात विकला जाणारा सापडतो. विकत घेणारा घरी असतो. त्यालाही पिंजऱ्यात उभं केल्याशिवाय हा बाजार उठणार नाही.