मनगट हातात, नजर छातीवर

परवा भाची घरी आली. जीएनएमची परीक्षा तोंडावर आलीय तिची. तिनं पिशवीतून ब्रुनर काढून टीपॉयवर ठेवलं, तशी टीपॉय करकरली. ब्रुनर आणि सुद्दार्थ या दोघींचं मेडिकल-सर्जिकल नर्सिंगचं हे पुस्तक 1964 साली पहिल्यांदा निघालं. तेव्हापासून ते जाडच होत चाललंय. "मावशी, यातलं नक्की काय पाठ करू?" तिनं विचारलं.

मी म्हटलं, "माझा श्वास मोज." तिनं 15 सेकंद मोजले, चारानं गुणलं आणि 16 सांगितले. पोरीचं दोनदा चुकलं होतं. एक तर पूर्ण मिनिट मोजायला हवं. आणि मला माहीत असताना मोजलं, म्हणजे मी मुद्दाम सावकाश श्वास घेणारच की!

माझी सगळी नोकरी उपनगरातल्या एका रुग्णालयात गेली. टीपीआरच्या तक्त्यावर ताप खरा असतो, नाडीही बहुतेक वेळा खरी असते. श्वासाच्या रकान्यात मात्र पहिल्या कॉटपासून शेवटच्या कॉटपर्यंत सगळे 20! सगळा वॉर्ड एका तालात श्वास घेतो तो फक्त कागदावर. मीही असे वीस लिहिलेत, उगाच सोवळेपणा कशाला.

ती सवय मोडली 2005 मध्ये. 26 जुलैला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. अर्धी मुंबई कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेली. पाणी ओसरल्यावर लेप्टोचे पेशंट यायला लागले. उंदराच्या लघवीतले जंतू त्या पाण्यातून पायाच्या भेगांत शिरतात. मग ताप, लाल डोळे, पोटऱ्यांत असह्य ठणका. मूत्रपिंडावर घाला येतो, हे आम्हाला पाठ होतं. लघवी तासाला 30 मिलिलिटरच्या खाली आली की डॉक्टरांना उठवायचं, हेही. पण काहींच्या फुप्फुसात रक्तस्राव होतो, ते पुस्तकात वाचलेलं तेवढंच.

एका रात्री अंधेरीहून बोरिवलीपर्यंत चालत गेलेला एक गृहस्थ माझ्याकडे चहा मागत होता. ताप उतरलेला, बोलणं स्वच्छ. मी सहज मनगट धरलं आणि छातीकडे पाहिलं. मिनिटाला 32. मोठ्या माणसाचा श्वास 12 ते 20 असतो. पुन्हा मोजला, तेवढाच. डॉक्टर येईपर्यंत खोकल्यातून रक्त आलं. ऑक्सिजन, आयसीयू, सगळं झालं. वाचला तो. चहा मात्र राहिला.

डेंग्यूतही ताप उतरला की नातेवाईक डबा घेऊन घरी न्यायच्या गप्पा करतात. खरी जोखीम तेव्हाच सुरू होते. रक्तातलं पाणी नसांबाहेर झिरपतं, वरचा आणि खालचा रक्तदाब एकमेकांजवळ येतात. दोघांतलं अंतर 20 किंवा त्याहून कमी झालं, तर वरचा आकडा 100 दिसला तरी निश्चिंत राहू नये.

भाचीला युक्ती सांगितली: नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, नजर हळूच छातीवर न्यायची, पेशंटला कळू द्यायचं नाही. मग आम्ही गप्पा मारत बसलो. बऱ्याच वेळानं लक्षात आलं, माझं मनगट तिच्या हातातच आहे.

"गप्प बस ना मावशी," ती म्हणाली, "बोलताना मोजता येत नाही."