केसपेपरवर नसलेला रकाना



त्वचारोगतज्ज्ञांच्या या संघटनेच्या अध्यक्षपदी माझी निवड केलीत, मी आपली ऋणी आहे. नाशिककर यजमानांनी व्यवस्था चोख ठेवली. जेवण तर असं होतं, की त्यानंतर लगेच अध्यक्षीय भाषण ठेवायचं कुणी ठरवलं याची चौकशी व्हायला हवी. वर्षभरात आपल्यातून गेलेल्या ज्येष्ठांना मी अभिवादन करते.

प्रथेप्रमाणे अध्यक्षाने वर्षाचा आढावा घ्यायचा असतो. घेते. औषधांना न जुमानणारं गजकर्ण वाढतंच आहे. स्टिरॉइडची मलमं २०१८ साली शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत आली, तरी गोरं होण्यासाठी ती आजही चिठ्ठीशिवाय हातात पडतात. लेझरची यंत्रं वाढली, ती नीट चालवणारे हात त्या मानाने वाढले नाहीत. झाला आढावा. उरलेला वेळ मी एका जुन्या भांडणासाठी राखून ठेवला आहे, आणि ते भांडण या सभागृहाशीच आहे.

सकाळच्या सत्रात पाळीच्या चक्रानुसार त्वचेची निगा राखण्यावर परिसंवाद झाला. आपल्या तरुण सहकाऱ्यांनी पडद्यावर चार रंगांचं वर्तुळ दाखवलं. रक्तस्रावाच्या दिवसांत त्वचा कोरडी, तेव्हा ओलावा देणारी मलमं. मग ईस्ट्रोजेन चढतं, चेहरा टवटवीत, तेव्हा व्हिटॅमिन सी. बीज सुटलं की प्रोजेस्टेरॉनचं राज्य, तेव्हा सॅलिसिलिक ॲसिड. शेवटच्या आठवड्यात दोन्ही उतरतात, अँड्रोजेनचा जोर जाणवतो, तेलग्रंथी खवळतात, तेव्हा मुलतानी मातीचा लेप. समोरच्या बाजूच्या ज्येष्ठांनी हे सगळं थोतांड ठरवलं. तासभर दोन्हीकडून निबंधांचे हवाले चालले होते. मी मागच्या रांगेत बसून एकाच गोष्टीची वाट पाहत होते. एका तासात एकाही वक्त्याच्या तोंडी ‘मी पेशंटला पाळीबद्दल विचारलं’ हे वाक्य आलं नाही.

ज्येष्ठांना आधी उत्तर देते. पाळीआधी मुरुम वाढतात हे थोतांड नाही. अमेरिकेत चारशे जणींची पाहणी झाली, ती २००१ साली छापून आली. त्यातल्या ४४ टक्के जणींनी पाळीआधी मुरुम वाढतात असं सांगितलं. विल्यम्स आणि कनलिफ यांनी तर १९७३ सालीच ‘लान्सेट’मध्ये लिहिलं होतं, की चक्राच्या उत्तरार्धात तेलग्रंथीच्या नळीचं तोंड अरुंद होतं. म्हणजे ही चर्चा या सभागृहातल्या निम्म्यांच्या जन्माआधीची आहे. आणि निबंध राहू द्या, पार्लरमधल्या बाईला विचारा. सांगलीतल्या माझ्या दवाखान्याच्या खालीच एक पार्लर आहे. तिथली ताई वॅक्सिंगच्या आधी गिऱ्हाइकाला ‘तारीख जवळ आहे का गं?’ असं सहज विचारते, आणि असेल तर ‘चार दिवसांनी ये, आत्ता जास्त दुखेल’ म्हणून परत पाठवते. तिच्या म्हणण्याला शास्त्राचा भक्कम आधार आहे की नाही, यावर वाद घाला. पण ती विचारते. तिच्या वरच्या मजल्यावर एम.डी. झालेले लोक विचारत नाहीत.

आता तरुणांकडे वळते. तुमचं वर्तुळ सुंदर आहे, पण मुरुमाला ते वर्तुळ ठाऊक नाही. आज हनुवटीवर दिसणाऱ्या पुळीची सुरुवात त्वचेखाली कित्येक आठवड्यांपूर्वी झालेली असते. मुरुमांवरच्या ॲडापलीनच्या मलमाचा गुण दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात. ते आठवडाभर लावून तीन आठवडे कपाटात ठेवलं, तर कपाटाचे मुरुम जातील. औषध महिनाभर, रोज, सारखंच लावायचं. पाळीआधीच्या आठवड्यात चेहरा तेलकट वाटला तर दाट क्रीमऐवजी हलकं जेल वापरा, पाळीत कोरडा वाटला तर ओलावा वाढवा, आणि त्या दिवसांत नवं सीरम किंवा पील सुरू करू नका. चक्रानुसार करण्यासारखं आहे ते एवढंच. यासाठी चार बाटल्यांची पेटी लागत नाही. अशी पेटी घेऊन एका कंपनीचा प्रतिनिधी माझ्याकडे आला होता. मी त्याला म्हटलं, ‘भाऊ, पाळी नियमित नसेल तर काय करायचं?’ तो म्हणाला, ‘मॅडम, अॅप आहे.’

ती पेटी पुढे मला एका पेशंटच्या बोलण्यात परत भेटली. बँकेत नोकरी करणारी मुलगी, जबड्याच्या कडेने मोठमोठ्या पुळ्या, हनुवटीवर जाड केस. आरशाला चार रंगांचा तक्ता चिकटवलेला, हे तिनेच सांगितलं. तिची तक्रार अशी, की तिसऱ्या आठवड्याची बाटली संपली तरी चौथा आठवडा येईना. येणार कुठून? तिची पाळी दोन-अडीच महिन्यांनी यायची. बीज वेळेवर सुटतच नव्हतं. स्टाइन आणि लेव्हेंथाल यांनी १९३५ साली वर्णन केलेला हा विकार आज शाळकरी मुलींनाही पीसीओएस म्हणून तोंडपाठ आहे. माझ्याकडे येण्याआधी ती तीन त्वचारोगतज्ज्ञांकडे जाऊन आली होती. तिघांच्या चिठ्ठ्या मी पाहिल्या. फेसवॉशचं नाव होतं, सनस्क्रीनचा एसपीएफ होता, पाळीबद्दल एक अक्षर नव्हतं. साखर तपासायला सांगायचं तर दूरच.

आपल्यातले काही जण म्हणतात, हा स्त्रीरोगतज्ज्ञांचा प्रांत आहे. मग मुरुमांवरचं आयसोट्रेटिनॉइन कोण लिहून देतं? गर्भावर त्याचा काय परिणाम होतो हे आपण एम.डी.च्या परीक्षेत पाठ म्हणून दाखवलं आहे. आधी गर्भ नसल्याची खात्री, औषध चालू असताना आणि बंद केल्यावर आणखी एक महिना गर्भनिरोधन, हा नियम इथल्या प्रत्येकाला माहीत आहे. नव्याने लग्न झालेली एक मुलगी दुसऱ्या गावाहून औषध चालू असतानाच माझ्याकडे आली, ओठ फुटले म्हणून. तिच्या फाइलमध्ये यकृताची तपासणी होती, कोलेस्टेरॉल होतं, सगळं टापटीप. मी शेवटच्या पाळीची तारीख विचारली. ती बोटं मोजू लागली आणि मोजता मोजता थांबली. लघवीची तपासणी पॉझिटिव्ह आली. तिला त्याच संध्याकाळी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं, पुढचा निर्णय त्या कुटुंबाला घ्यावा लागला. ज्यांनी गोळी लिहून दिली ते वाईट डॉक्टर नव्हते. त्यांच्या छापील केसपेपरवर नाव, वय, धंदा, तक्रार, किती दिवसांपासून, एवढे रकाने होते. पाळीचा नव्हता. तुमच्याही केसपेपरवर नसेल. इथल्या प्रदर्शनात केसपेपर छापून देणाऱ्यांचा स्टॉल आहे, मी सकाळी त्यांचे नमुने चाळून आले. स्त्रीरोगाच्या नमुन्यात तो रकाना पहिल्या ओळीत आहे. आपल्या नमुन्यात ‘संदर्भ कुणी दिला’ याला जागा आहे.

गणपतीनंतरचे मुरुम हा आणखी एक वाद. दरवर्षी गौरी-गणपती झाले की माझ्या दवाखान्यात बायका मुरुम घेऊन येतात. सहकारी म्हणतात, मोदक, पेढे, जागरण, घाम. आहारावर एकदा आपण अख्खं सत्र घालवलं. मी फक्त विचारते, ‘गौरीला पाळी पुढे ढकलली होती का?’ निम्म्याहून अधिक जणी मान हलवतात. घरात सोवळं, महालक्ष्म्या बसलेल्या, नैवेद्य तिलाच करायचा, म्हणून मेडिकलमधून नॉरएथिस्टेरॉनच्या गोळ्या आणल्या, दिवसातून तीन, आठ-दहा दिवस. हे प्रोजेस्टेरॉनच्या जातीचं औषध आहे, त्याला थोडा पुरुषी संप्रेरकांचा गुण आहे, आणि मुरुम त्याच्या दुष्परिणामांत नोंदलेले आहेत. मोदक बिचारा निष्कारण बदनाम झाला. या बाईला कुठलं वर्तुळ दाखवणार? तिचं चक्र त्या महिन्यात मेडिकलच्या काउंटरवरून चाललं होतं. गर्भनिरोधक गोळ्या घेणारीला तर बीज सुटतच नाही, तिच्या चेहऱ्यासाठी तिसरा आठवडा कुठून आणायचा?

संकोच वाटतो, असं पुरुष सहकारी सांगतात. पेशंटला वाटतो की तुम्हाला, ते आधी ठरवा. शेजारी सासू बसलेली असते हे खरं. सासूबाईंना वजनकाट्याकडे पाठवावं. त्या आनंदाने जातात आणि वजन दोनदा करून येतात. तेवढ्यात दोन प्रश्न होतात.

सांगलीत साखर कारखान्यांचा हंगाम सुरू झाला की बीडकडच्या ऊसतोड जोड्या येतात. कोपीत राहणारी, पहाटे फडात उतरणारी बाई त्वचेच्या डॉक्टरकडे सहसा येत नाही. एक आली. पस्तिशीही गाठली नव्हती. सर्वांगाला खाज, त्वचा सालपटं निघाल्यासारखी कोरडी. खरजेचं मलम दोनदा लावून झालं होतं. मी पाळीचं विचारलं. ‘पिशवी काढली,’ ती म्हणाली. ऑपरेशनचे कागद मागवले तेव्हा कळलं, अंडाशयही काढलेले होते. म्हणजे पस्तिशीच्या आत तिचं शरीर पन्नाशीपार गेलं होतं. का काढली, तर पाळीत खाडा पडतो, खाड्याला मुकादम दंड कापतो. राज्य सरकारच्या समितीने २०१९ साली बीड जिल्ह्यात पाहणी केली, तेव्हा ८२ हजारांहून अधिक ऊसतोड महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. नुसतं गर्भाशय काढलं आणि अंडाशय ठेवले, तर रक्तस्राव थांबतो पण संप्रेरकांचं चक्र चालू राहतं. दोन्ही काढले तर तेही थांबतं. हा फरक न विचारता कळत नाही, आणि खाजेचा इलाज त्या फरकावर अवलंबून असतो. आपल्या त्वचाशास्त्राचं सारं सौंदर्य या प्रश्नापाशी उघडं पडतं. बाटल्यांची पेटी परवडणाऱ्या मुलीसाठी आपण तासभर परिसंवाद घेतला. या बाईला कुणी एक प्रश्न विचारला नाही.

अध्यक्षाने काही कामं हाती घ्यायची असतात. आपल्या पेशंटच्या पाळीशी निगडित तक्रारींची एक सामाईक नोंदवही करावी असं माझ्या मनात आहे. कोण करणार, पैसे कुठून येणार, ते कार्यकारिणीत बोलू. पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांवर मराठीत एक साधं पत्रक काढावं, गणपतीच्या आधी. निवासी डॉक्टरांच्या प्रशिक्षणात पेशंटशी पाळीबद्दल कसं बोलावं यासाठी एखादा तास असावा. विद्यापीठाला पत्र लिहीन म्हणते. यातलं किती होईल ते मी आज सांगू शकत नाही, माझ्या आधीच्या अध्यक्षांनीही बरंच काही जाहीर केलं होतं.

पण एका गोष्टीला कार्यकारिणी, निधी, पत्र, काही लागत नाही. परत गेल्यावर छापखान्याला फोन करा आणि केसपेपरवर ‘तक्रार’ या रकान्याखाली एक ओळ वाढवून घ्या: शेवटच्या पाळीची तारीख, नियमित की अनियमित, गोळ्या, ऑपरेशन. जुने केसपेपर संपेपर्यंत थांबू नका, ती ओळ पेनाने लिहा.